बऱ्या गाडीचे आकडे

थंड असताना या ट्रकची काही तक्रार नव्हती. बेळगावात संध्याकाळी भाजी भरायची, रात्रीत गोव्यात उतरायचे, पहाटे माल टाकून परतीला मिळेल ते भाडे घ्यायचे, हे सगळे सुरळीत चाले. दुखणे परतीच्या वाटेवर. मोले सोडून अनमोड घाट चढायला लागले, इंजिन चांगले तापले, की कुठल्या तरी वळणावर ते एकदम बंद. ड्रायव्हर सेल्फ मारायचा, इंजिन गरागरा फिरायचे, पण धरायचे नाही. चाकांना दगड लावून पाऊण तास बसले की पहिल्याच सेल्फला सुरू. त्या पाऊण तासात मागे गाड्यांची रांग लागलेली, पाऊस कोसळतोय, वळणावरून उतरणाऱ्या गाड्यांना हात दाखवत क्लीनर रस्त्यात उभा.

मालक खानापूर तालुक्यातले. गाडी सहा चाकी, २०१७ सालची, बीएस-चार, दोन मालक करून यांच्याकडे आलेली. दुखणे सुरू झाल्यापासून त्यांनी दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, टाकी उतरवून धुऊन घेतली, टाकीपासूनची नळी नवी घातली. एका ठिकाणी स्कॅनर लावून डिझेलचा दाब मोजणारा रेल प्रेशर सेन्सरही बदलून झाला. घाटातले दुखणे तसेच. शेवटी कुणीतरी सांगितले, पंप उतरवावा लागेल. हाय प्रेशर पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायचा म्हणजे एका छोट्या मालकाचा हंगाम गेला. तेव्हा गाडी गुंजीला आली.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘दुरुस्ती’ हा विषय कळवला, तेव्हा मला या रस्त्यावरची गॅरेजे बघावीशी वाटली. आजचा ट्रक निम्मा लोखंडाचा आणि निम्मा तारांचा आहे. तो मोठ्या शहरातल्या कंपनीच्या वर्कशॉपपासून लांब, जंगलाच्या कडेला बंद पडतो, तेव्हा त्याला पुन्हा चालता कोण करतो आणि कसा, हे मला पाहायचे होते.

घाटाच्या अलीकडचे गाव

बेळगाव-पणजी रस्ता जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘फोर ए’ आहे. कागदावर तो आता राष्ट्रीय महामार्ग ७४८. खानापूरला मलप्रभा ओलांडली की भातखाचरे आणि झाडी सुरू होते, आणि दहा-बारा किलोमीटरवर गुंजी लागते. माउली देवीचे गाव म्हणून ते पंचक्रोशीला माहीत. रेल्वेचे लहान स्टेशन आहे. पुढे लोंढा, रामनगर, मग अनमोड आणि घाट. गोव्याकडून चढून आलेली गाडी घाटात कुरकुरली की ती रामनगर-लोंढ्यापर्यंत कशीबशी येते, आणि तिथे काम झाले नाही तर गुंजी-खानापुरात थांबते. म्हणून या पट्ट्यात गॅरेजे आहेत. पत्र्याची शेड, एक खड्डा, भिंतीला लटकवलेले पट्टे आणि होसपाइप, बाहेर कन्नड आणि मराठी अशा दोन्ही लिपींतली पाटी.

मी गेलो तेव्हा श्रावण संपत आला होता. खानापूर तालुका विटा-कौलांचा. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात आणि विटांचे ट्रक अंगणात, शेताच्या बांधावर प्लास्टिक पांघरून उभे असतात. दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हायच्या आत त्यांना जागे करायचे, म्हणून भाद्रपदापासून गॅरेजांत गर्दी होते. चार महिने उभ्या राहिलेल्या ट्रकची दुखणी वेगळी. बॅटरी बसलेली, सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर, आणि उंदीर. बोनेटखालची उबदार जागा उंदरांना फार आवडते आणि तारांवरचे आवरण ते कुरतडून टाकतात. आमची गाडी आली त्या गुंजीच्या गॅरेजच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या एका दहा चाकी गाडीच्या तारांचा जुडगा तिथल्या मेस्त्रींनी मला दाखवला. बोटभर लांबीत पाच तारा उघड्या पडल्या होत्या, आणि तांब्याच्या तारा एकमेकींना टेकत होत्या. ‘‘आता हे स्कॅनरला काय दिसणार सर? पाच सेन्सर खराब, म्हणून सांगतंय ते. आणि सेन्सर एकबी खराब नाही.’’

मेस्त्री पन्नाशीकडे झुकलेले. शिक्षण मराठी शाळेत, काम बेळगावातल्या एका पंपवाल्याकडे शिकले. गिऱ्हाइकाशी मराठी, आरटीओच्या कामाला कन्नड, गोव्याच्या ड्रायव्हरशी कोकणी, तमिळनाडूच्या ड्रायव्हरशी मोडकी हिंदी. हाताखाली दोन पोरे. एक आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करून आलेला, दुसरा हातानेच शिकणारा.

झटक्यात, की दम तोडत?

गाडी खड्ड्यावर यायच्या आधी मेस्त्रींनी ड्रायव्हरला समोर बसवले. चहा मागवला. स्कॅनर कपाटातच.

‘‘मामा, बंद होतीय तेव्हा झटक्यात जातीय, का दम तोडत?’’

‘‘झटक्यात. किल्ली काढल्यासारखी.’’

‘‘आधी पिकअप कमी व्हतंय? धूर?’’

‘‘काय नाही. चालता चालता बंद.’’

‘‘आणि सेल्फ मारताय तेव्हा आरपीएमचा काटा उठतोय?’’

ड्रायव्हरमामा गप्प झाले. काट्याकडे त्यांनी कधी पाहिले नव्हते, आणि कुणी विचारलेही नव्हते. घाटात गाडी बंद पडलेली असताना माणूस आरशात बघतो, काट्याकडे नाही. मेस्त्रींनी त्यांना सांगून ठेवले की पुढच्या खेपेला गाडी बंद पडली तर सेल्फ मारताना फक्त तो काटा बघा. दोन दिवसांनी घाटातूनच फोन आला. सेल्फ मारताना काटा जागचा हलत नाही. आणि गाडी थंड होऊन सुरू होते तेव्हा सेल्फ मारल्याबरोबर थोडासा उठतो.

मला वाटते या दुरुस्तीचा निम्मा भाग त्या फोनवर झाला. डिझेल कमी पडल्यामुळे इंजिन बंद होते तेव्हा ते एकदम जात नाही. लोड घेत नाही, धक्के देते, आचके देत मरते. फिल्टर, टाकी, नळी यांच्यावर खर्च करणाऱ्यांनी दुखण्याची जागा ऐकली होती, दुखण्याची रीत विचारली नव्हती. झटक्यात जाणारे इंजिन बहुतेक वेळा विजेमुळे जाते. रिले, अर्थिंग, ईसीएमचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, पुरवठा, नाहीतर असा एखादा सेन्सर ज्याच्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. आणि इंजिन डोळ्यांदेखत फिरत असताना काटा शून्यावर असेल, तर ईसीएमला इंजिन फिरतेय हेच कळत नाही.

अठ्ठावन्न दात

इंजिनाचा वेग सांगणाऱ्या या सेन्सरला क्रँक सेन्सर म्हणतात. अंगठ्याएवढी वस्तू, एका बोल्टवर फ्लायव्हीलच्या हाउसिंगमध्ये बसवलेली. या गाडीतल्या प्रकारात आत एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. बाहेर दोन तारा. त्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. समोरून लोखंडी दात गेला की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात विजेची लहानशी लाट उठते.

दातांची मांडणी मोठी हुशारीची आहे. चाकावर साठ दातांची जागा असते, पण दात अठ्ठावन्नच. दोन मुद्दाम गाळलेले. दर दात सहा अंशांचा, आणि ती गाळलेली फट समोर आली की ईसीएमला कळते, क्रँक आता अमुक ठिकाणी आहे. तिथून पुढे तो दात मोजत जातो. पंधराशेच्या वेगाला एक दात समोरून जायला एक मिलिसेकंदही लागत नाही, साधारण दोन तृतीयांश लागतो. तेवढ्या हिशेबावर कुठल्या सिलिंडरमध्ये किती अंश आधी आणि किती वेळ डिझेल सोडायचे ते ठरते. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो, म्हणून पहिला सिलिंडर दाबाच्या फेरीत आहे की धूर काढण्याच्या, हे सांगायला कॅमवर वेगळा सेन्सर असतो. काही इंजिने क्रँक सेन्सर गेला तरी कॅमच्या भरवशावर जास्त वेळ सेल्फ खाऊन का होईना, सुरू होतात. हे इंजिन त्यातले नव्हते.

सेन्सर आणि दात यांच्यात अंतर जेमतेम मिलिमीटरभर. सेन्सरच्या टोकाला चुंबक असल्यामुळे क्लच-फ्लायव्हीलचा लोखंडी कीस त्याला चिकटतो आणि लाट बोथट होते. म्हणून कुठल्याही शंकेला पहिला उपाय फुकटचा आहे. बोल्ट काढा, टोक पुसा, पुन्हा बसवा. आमच्या गाडीचा सेन्सर काढला तेव्हा टोकावर काळी मिशी होती खरी. पण मिशीमुळे गाडी थंड-गरम ओळखत नाही.

कोड फिर्याद सांगतो

मग स्कॅनर निघाला. जड वाहनांत बिघाडाचा कोड दोन भागांत येतो. पहिला आकडा कुठल्या भागाची गोष्ट आहे ते सांगतो, दुसरा ती गोष्ट कशी बिघडली ते. पहिला आकडा १९० म्हणजे इंजिनाचा वेग, ११० म्हणजे कूलंटचे तापमान, ९१ म्हणजे ॲक्सिलरेटरचे पेडल, १५७ म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब. दुसऱ्या भागात ३ आला तर व्होल्टेज वर चढलेले, ४ आला तर खाली पडलेले, ५ आला तर करंट कमी किंवा सर्किट तुटलेले, २ आला तर माहिती बेभरवशाची. गिऱ्हाइकाला फक्त पहिला आकडा ऐकायची घाई असते आणि पुष्कळ गॅरेजवालेही तेवढाच वाचतात. दुसरा आकडा खरा कामाचा.

या गाडीत दोन कोड साठवलेले होते. १९० वर २, आणि १५७ चा दाब कमी असल्याचा. आधीच्या ठिकाणी यातला दाबाचा कोड पाहून रेल प्रेशर सेन्सर बदलला गेला असणार. पण उलटा विचार करून पाहा. चढावर लोडमध्ये असताना ईसीएमला वेग कळेनासा झाला, इंजेक्टर बंद झाले, इंजिन थांबले, पंपही थांबला, रेलमधला दाब पडला आणि ईसीएमने इमानदारीने नोंदवले की दाब पडला. दाब पडणे हा परिणाम होता. कोड फिर्याद कुठून आली ते सांगतो. गुन्हा कुणी केला हे शोधायचे काम माणसाचेच राहते.

पाच व्होल्टची गोष्ट याच जातीची आहे, आणि या रस्त्यावर ती सारखी घडते. रेल प्रेशर, बूस्ट, पेडल अशा बऱ्याच सेन्सरना ईसीएम पाच व्होल्ट पुरवतो, आणि पुष्कळ गाड्यांत दोन-तीन सेन्सर एकाच पुरवठ्यावर जोडलेले असतात. त्यातल्या एकात पाणी शिरून किंवा तार घासून तो अर्थिंगला टेकला, की सगळ्यांचे पाच व्होल्ट पडतात. स्क्रीनवर तीन सेन्सर खराब. मालकाने तिन्ही विकत घ्यायचे का? मेस्त्री मल्टिमीटरचा लाल प्रोब पुरवठ्याच्या तारेवर धरून पोराला एकेक सॉकेट उपटायला सांगतात. ज्या सॉकेटवर आकडा उडी मारून पुन्हा पाचावर येतो, तो चोर. सगळी सॉकेटे काढूनही आकडा वर आला नाही, तर तार टेकलेली आहे. दहा मिनिटांचे काम, खर्च शून्य. हे मी शेडमध्ये त्या उंदराने कुरतडलेल्या गाडीवर पाहिले, आणि टेकलेल्या तारा सुट्या केल्यावर आकडा परत पाचावर आला तेव्हा हातानेच शिकणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहायला मिळाले, याचाही मला आनंद आहे.

तापलेले तांबे

क्रँक सेन्सरवर संशय पक्का झाला तरी मेस्त्रींनी त्याला लगेच गुन्हेगार ठरवले नाही. आधी तारा. ईसीएमचे सॉकेट काढून सेन्सरच्या सॉकेटपर्यंत दोन्ही तारांची कंटिन्युटी बघितली, त्या एकमेकींना किंवा बॉडीला टेकत नाहीत ना ते बघितले. पोराला जुडगा हलवत, वळवत, ओढत राहायला लावले आणि स्वतः आकड्यावर नजर. तारांवरचे जाळीचे वेष्टण एकाच टोकाला अर्थिंगला जोडलेले आहे की नाही तेही पाहिले. ते तुटले तर अल्टरनेटरचा आणि इतर तारांचा गोंगाट या नाजूक लाटेत मिसळतो. तारा निर्दोष निघाल्या.

मग सेन्सर टेबलावर. मल्टिमीटर ओहमवर. आकडा आला ८६०. असल्या सेन्सरचा आकडा हजाराच्या आगेमागे असतो, म्हणजे सेन्सर बरा. बाहेर कुणीही मोजला असता तर हेच म्हटले असते, आणि बहुधा म्हटलेही होते. आयटीआयवाल्या पोराने चहाच्या स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवले. मेस्त्रींनी सेन्सर फक्त टोकाकडून पाण्यात धरला, सॉकेटची बाजू कोरडी, प्रोब क्लिपने पिनांना लावलेले. पाणी तापू लागले तसा आकडा चढू लागला. ८८०. ९१०. ९४०. तांबे तापले की त्याचा विरोध वाढतो, दर अंशाला साधारण हजारी चार या मानाने, त्यामुळे चढणे हे तब्येतीचे लक्षण. पाण्यातून वाफ निघायला लागली होती. आकडा हजाराला टेकला, थरथरला, आणि पडद्यावरून नाहीसा झाला. त्या जागी ‘ओएल’. सर्किट तुटले.

कुणी काही बोलले नाही. मेस्त्रींनी सेन्सर बाहेर काढून फडक्यावर ठेवला. दहा-बारा मिनिटांनी ओएल गेले आणि ९३० आले. पुन्हा पाण्यात. पुन्हा हजाराजवळ गायब. वेटोळ्यातली केसाएवढी तार कुठेतरी तुटलेली होती. थंड असताना तिची दोन टोके एकमेकांना चिकटून राहत आणि भोवतीचे प्लास्टिक तापून फुगले की सुटत. अनमोडच्या चढावर रोज हेच होत होते. इंजिन बंद पडल्यावर वारा लागत नसल्यामुळे आतली उष्णता उलट आणखी साठते, म्हणून पाच-दहा मिनिटे थांबून भागत नसे, पाऊण तास लागे.

मालक कठड्यावर बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘म्हणजे पंप बरा हाय?’’

‘‘पंपाला हात लावायचं कारणच नाही, मालक.’’

नव्या सेन्सरसाठी बेळगावला फोन झाला. माल दुसऱ्या दिवशीच्या बसने यायचा होता. त्या मोकळ्या वेळात मला मेस्त्रींची वही बघायला मिळाली.

वही

शाळेची दोनशे पानी वही, पुठ्ठा तेलाने काळा झालेला. ही बिघडलेल्या गाड्यांची नोंद असेल असे मला वाटले. ती बऱ्या गाड्यांची होती. कुठलीही गाडी ऑइल बदलायला किंवा ग्रीसिंगला आली, काही तक्रार नसली, तरी मेस्त्री तिची चार-दोन मापे घेऊन ठेवतात. क्रँक सेन्सर थंड किती, गरम किती. कूलंटच्या सेन्सरचा विरोध सकाळी किती आणि इंजिन तापल्यावर किती. तो तांब्याच्या उलट वागतो, थंडीत अडीच हजारांच्या घरात आणि तापल्यावर तीनशेच्या आसपास उतरतो. पेडलच्या दोन वाटांचे व्होल्टेज, पाय वर असताना आणि दाबलेला असताना, कारण पुष्कळ गाड्यांत एक वाट दुसरीच्या बरोबर निम्मी चालते आणि ते नाते बिघडले की ईसीएम पेडलवर विश्वास ठेवत नाही. रेल प्रेशर सेन्सर किल्ली चालू, इंजिन बंद असताना अर्धा व्होल्ट. सगळे मराठीत, गाडीच्या मॉडेलसमोर, तारांचे रंगही लिहिलेले.

‘‘आजारी माणसाचं मोजून काय कळणार, बऱ्या माणसाचं ठाऊक नसलं तर?’’ ते म्हणाले.

मला या वहीचे मोल फार वाटते. कंपनीच्या वर्कशॉपात हे आकडे संगणकावर असतात. गुंजीच्या शेडला ते कुणी दिले नाहीत, म्हणून शेडने ते स्वतः जमवले, एकेका चालत्या गाडीवरून. सेन्सरच्या दुरुस्तीत स्कॅनरपेक्षाही याची गरज जास्त आहे. स्कॅनर तेवढा विकत मिळतो.

पंपाच्या काळातले हात

मेस्त्रींनी काम शिकायला सुरुवात केली तेव्हा ट्रकच्या इंजिनात वीज सेल्फ आणि मीटरपुरती होती. टेल्कोने १९५४ मध्ये डायम्लर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले, बंगळुरूच्या मायकोने १९५० च्या दशकात डिझेलचे पंप आणि नोझल इथेच करायला सुरुवात केली, आणि पुढची चार-पाच दशके देशभराच्या मेस्त्रींची विद्या त्या पंपाभोवती वाढली. एअर धरली तर हातपंप मारून काढायची. कुठला सिलिंडर मारत नाही ते बघायला नोझलच्या नळीचा नट चालू इंजिनावर ढिला करायचा. आवाज बदलला नाही तो सिलिंडर मेलेला. पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग ऐकायचे. हे सगळे फार कसबाचे काम होते आणि आजही जुन्या गाड्यांवर चालते.

मग प्रदूषणाचे नियम आले. बीएस-तीन देशभर २०१० मध्ये, बीएस-चार १ एप्रिल २०१७ पासून. त्या तारखेच्या तीन दिवस आधी, २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने बीएस-तीन गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली. पाचवा टप्पा गाळून बीएस-सहा १ एप्रिल २०२० ला. प्रत्येक टप्प्याबरोबर इंजिनावर तारा वाढल्या. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार-सोळाशे बारच्या दाबाने थांबून असते. इथे जुनी सवय जिवावर बेतते. चालू इंजिनावर नळीचा नट ढिला केला तर सुटणारी धार कातडी भेदून आत शिरते, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आतले मांस सडू लागते. मेस्त्रींनी शेडमध्ये नियम घालून दिला आहे. कॉमन रेलच्या गाडीला इंजिन चालू असताना उच्च दाबाच्या नळीला पाना लागणार नाही, आणि बंद केल्यावरही काही वेळ जाऊ द्यायचा. नवीन पोराला ते पहिल्या दिवशी हेच सांगतात.

नव्या गाड्या धूर कमी करतात. खानापूर, लोंढ्याच्या लोकांनी घाटात चढणाऱ्या जुन्या ट्रकांचा काळा धूर खाल्लेला आहे, त्यामुळे सेन्सर नकोच होते असे मी म्हणणार नाही. मेस्त्रीही म्हणत नाहीत. चांगला चालणारा कॉमन रेल ट्रक त्यांना आवडतो. त्यांचे म्हणणे वेगळे आहे.

नकाशा कुणाकडे

त्यांना तारांचा नकाशा पाहिजे. कुठल्या पिनवरून कुठली तार कुठे जाते, तो कागद. तो कंपनीच्या वर्कशॉपात असतो आणि बाहेरच्या मेस्त्रीला सरळ मार्गाने सहसा मिळत नाही. मग कुणाच्या तरी फोनमधून कुणाच्या तरी फोनवर आलेला, तिरपा काढलेला, अर्धा दिसणारा फोटो. त्यावर काम चालते. काही कामे तर फोटो असूनही होत नाहीत, कारण नवा भाग बसवल्यावर ईसीएमला त्याची ओळख करून द्यावी लागते आणि ते कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय जमत नाही.

हा प्रश्न देशात एकदा मोठ्या पातळीवर उभा राहिला आहे. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटारकंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने त्या कंपन्या स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने मिळू देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. तो खटला मोटारींचा होता, ट्रकांचा नाही, पण मुद्दा तोच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहने हा एक विभाग आहे. हे चांगले पाऊल आहे. पण ती माहिती ग्राहकाला समोर ठेवून आहे, आणि गुंजीच्या मेस्त्रीला लागणारा पिनांचा नकाशा ही त्याच्या पुढची गोष्ट आहे.

गाडी वॉरंटीत आहे तोवर ती कंपनीकडे जाते. वॉरंटी संपली, मालक बदलला, की ती रस्त्याकडेच्या शेडकडे येते आणि उरलेले सगळे आयुष्य तिथेच काढते. भाजी, विटा, खत, वाळू याच गाड्यांवर चालते. माहिती मात्र पहिल्या काही वर्षांच्या दुकानातच कुलूपबंद राहते. रस्त्यावरच्या सुरक्षेचा आणि हवेचा विचार करणाऱ्या सरकारने कंपन्यांना नियम घालताना हेही घालावे. गाडी विकाल त्या दिवशी तिचा तारांचा नकाशा आणि बऱ्या गाडीचे आकडे खुले करा, कन्नड-मराठी-हिंदीतही करा. नकाशा नसलेला मेस्त्री अंदाजाने भाग बदलतो आणि त्या अंदाजाचे पैसे छोटा मालक भरतो. या गाडीच्या मालकांनी ते भरलेच होते.

दुसऱ्या दिवशी

दुपारच्या बसने खोका आला. मेस्त्रींनी आधी खोका उलटसुलट पाहिला, मग सेन्सर. बाजारात नकली माल पुष्कळ, छपाई हुबेहूब, आत चुंबक कमजोर. नवा सेन्सर थंड ८९०, आणि तोही पातेल्यात गेला. पाणी उकळले तरी आकडा चढत अकराशेच्या पुढे जाऊन स्थिर राहिला. तेव्हाच तो गाडीत बसला. हाउसिंगची बैठक पुसून, कचरा आत पडणार नाही याची काळजी घेऊन, बोल्ट हाताने लावून मग बेताने आवळलेला. तारांचा क्रम पिनेला पिन जुळवून. या दोन तारा उलट्या लागल्या तर लाट उलटी होते आणि ईसीएमचा फट ओळखण्याचा हिशेब चुकतो, इंजिन एक तर सुरू होत नाही किंवा धडधडते. जुडगा एक्झॉस्टपासून लांब घेऊन पट्टीने बांधला. कोड पुसले. सेल्फ मारल्याबरोबर काटा उठला.

परीक्षा शेडमध्ये होणार नव्हती. त्या रात्री गाडी भाजी घेऊन गेली आणि परतीला खताच्या पोत्यांनी भरून घाट चढली. नंतरच्या खेपांनाही चढली. ड्रायव्हरमामांनी अनमोडच्या नाक्यावरून फोन करून मेस्त्रींना कळवले, आणि मेस्त्रींनी त्यांना घाई न करता पुढच्या ऑइल बदलापर्यंत नजर ठेवायला सांगितले.

मालकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून पूर्वी काढून टाकलेला रेल प्रेशर सेन्सर आणून टेबलावर ठेवला आणि तो खराब होता का, एवढे सांगा म्हणाले. मेस्त्रींनी तो गाडीच्याच सॉकेटला लावून हवेत धरला, किल्ली चालू केली आणि सिग्नलच्या तारेवर मोजले. अर्धा व्होल्ट. ‘‘शून्याला बरा आहे. दाबाखाली कसा आहे ते इथं कळायचं नाही,’’ असे सांगून त्यांनी तो कागदात गुंडाळला, वर गाडीचा नंबर आणि तारीख घातली आणि परत दिला. मग आयटीआयवाल्या पोराने शेजारच्या बीएस-सहा गाडीच्या सॉकेटमध्ये कॅनच्या, म्हणजे गाडीतले संगणक ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन तारांवर प्रोब धरून साठ ओहम वाचले, आणि त्या मॉडेलचे पहिले पान वहीत सुरू झाले.